वीस इंचांची गाडी

“बघ, ही पट्टी तेवढी कामाची निघाली,” शेठ म्हणाले आणि माझ्या वडिलांची हत्यारांची पेटी पायानं भिंतीकडे सरकवली. “बाकी सगळं भंगार. आयुष्यभर लाकूड तासून म्हाताऱ्यानं एवढंच मिळवलं.”

वडिलांना जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता. पेटी भावानं माझ्याकडे पाठवली होती, कारण लहानपणी तिच्यावर बसून मी पाढे म्हटले होते. ती उघडायची परवानगी शेठनी मला विचारली नव्हती. विचारली असती तरी मला उत्तर देता आलं नसतं. आषाढ सुरू होता, चातुर्मास लागला होता आणि माझा नेम ठरलेला होता: दिवस मावळायच्या आत जेवायचं, आणि जेवल्यापासून दुसऱ्या दिवशी सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, देवदर्शन होईपर्यंत बोलायचं नाही.

शेठ म्हणजे माझे यजमान. नवऱ्याचं नाव मी घेत नाही. आमच्या फौंड्रीतले कामगार त्यांना शेठ म्हणायचे, म्हणून इथेही तसंच लिहिते. ही गोष्ट एक्क्याण्णव सालची, कोल्हापुरातल्या आमच्या कारखान्यांच्या वसाहतीतली.

त्यांनी ती दोन फुटी पोलादी पट्टी उजेडात धरली, उलटसुलट केली आणि समोरच्या सागाच्या ठोकळ्यावर ठेवून पेन्सिलीनं खुणा करायला लागले.

“सरळ आहे. कडा पण मोडलेल्या नाहीत,” ते म्हणाले. “बरी आहे ना?”

मी जपमाळ घेऊन बसले होते. मी मान हलवली. बरी आहे.

त्या पट्टीबद्दल इथंच सांगून टाकते. माझे वडील, नेमअण्णा चौगुले, पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा एखादा भाग ओतायचा तर आधी तसाच लाकडी पॅटर्न करतात, तो वाळूत दाबतात, आणि उठलेल्या खड्ड्यात रस ओततात. रस थिजताना आकसतो. म्हणून पॅटर्न थोडा मोठा लागतो, आणि दरवेळी हिशेब करायला नको म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, मोठा असतो. दिसायला ती चारचौघींसारखी. एका टोकाला बारीक अक्षरांत तसं लिहिलेलं असतं, पण वडिलांच्या पट्टीवरची ती अक्षरं चाळीस वर्षं त्यांच्याच अंगठ्याखाली झिजून गेली होती.

मला हे पाचव्या वर्षी ठाऊक होतं. फौंड्रीच्या मालकाला पन्नासाव्या वर्षी ठाऊक नव्हतं, कारण मालक काचेच्या केबिनमध्ये बसायचे आणि पॅटर्न बाहेरून तयार यायचे.

आणि आता हे मालक मोटार बनवणार होते.

वसाहतीच्या कारखानदार मंडळाला पन्नास वर्षं पुरी होत होती. मंडळाच्या भिंतीवर एक फोटो होता. कुठल्याशा छोट्या संस्थानाच्या युवराजांची विलायती रेसची गाडी, लांब नाकाची, मागे निमुळती, एकट्या माणसानं बसायची. ती म्हणे कोल्हापुरात येऊन बंद पडली आणि आमच्या वसाहतीतल्या पहिल्या कारखान्यानं ती चालू करून दिली. फोटोत दहा-बारा माणसं अभिमानानं उभी होती. अगदी कडेला, अर्धा कान फोटोबाहेर गेलेले, माझे सासरे होते. त्यांच्या हातात पाण्याची बादली होती. “माझ्या वडिलांनी दुरुस्त केलेली गाडी,” असं शेठ ती दाखवून सांगायचे. बादलीचा उल्लेख मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही.

तर सुवर्णमहोत्सवाला त्या गाडीची हुबेहूब प्रतिकृती करायची ठरली. एकास आठ. खरी गाडी एकशेसाठ इंच, ही वीस इंच. नकाशे कुठून तरी पुण्याहून मागवले. शेठ समितीचे अध्यक्ष. ते सभेत उठून म्हणाले की बॉडी मी स्वतःच्या हातानं करणार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सोळा वर्षांत या माणसानं न्हाणीघरातला गळका नळ एकदा आवळला नव्हता. तो मी आवळायची, वडिलांनी शिकवलं तसा, चिंधी गुंडाळून.

पुढे रोज संध्याकाळी आमच्या सोप्यात मोटार चालायची. शेठनी सागाचा साचा कोरायला घेतला, त्याच्यावर पत्रा ठोकून बॉडी उठवायची होती. मी कोपऱ्यात माळ ओढत बसायची. त्यांना माझं मौन फार सोयीचं होतं. बोलणाऱ्याला असा श्रोता आणखी कुठे मिळणार?

“तुझं बरं आहे,” ते कानस फिरवता फिरवता म्हणायचे. “एकशे आठ मणी, गोल फिरायचं, परत तिथंच. माणसानं काहीतरी निर्माण करावं.”

मी मणी सरकवायची.

“आज जेवणातला कोणता रस सोडला? मीठ? काल गूळ. एक दिवस बडबड सोड की. अरे हो, ती सोडलीच आहे.” मग स्वतःच हसायचे. स्वतःच्या विनोदाला हसणारा माणूस मला कधी आवडला नाही, पण असा माणूस पोटभर हसतो हे मान्य करते.

सकाळी दर्शन झाल्यावर माझी जीभ मोकळी व्हायची. तेव्हा चहा देताना मी एका वाक्यात सांगू शकत होते, की अहो, ती पट्टी पॅटर्नची आहे. साडेचार सेकंदांचं काम. पेटी उघडली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कप त्यांच्यापुढे ठेवला, आणि ते वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले, “साखर कमी आहे. साखरेचाही त्याग का?”

मी साखर आणून दिली. पट्टीचं बोलले नाही.

तिसऱ्या दिवशीही नाही. मग ती गोष्ट सांगायची उरलीच नाही. रोज संध्याकाळी मी पाहायची, कसे ते ओठ मुडपून, एक डोळा मिटून, वडिलांच्या पट्टीनं मोठ्या गांभीर्यानं चुकत आहेत. फुटामागे एक सूत. माझ्या मनात एक चित्र तयार झालं होतं आणि मी ते जपाच्या वेळी बाजूला सारत नव्हते: समिती जमली आहे, बॉडी चेसीवर ठेवली आहे, ती बसत नाही, आणि शेठ घाम पुसत आहेत.

चेसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, आणि चाकं दस्तगीरकाकांकडे होती.

दस्तगीर शिकलगार हे वसाहतीतले सगळ्यात जुने टर्नर. वडिलांनी पॅटर्न करायचा, कुणी त्यावरून भाग ओतायचा, आणि काकांनी तो लेथवर चढवून साफ करायचा, अशी तीस वर्षं गेली होती. त्यांचं शेड बस्तीच्या वाटेवरच होतं. श्रावणात एकदा दर्शन करून परत येताना त्यांनी मला माहेरच्या नावानं हाक मारली.

“राजू, ए बाळ! जरा हिकडं ये.”

आत लेथ चालू नव्हता. बाकावर मळका टॉवेल अंथरून त्यावर एक चाक ठेवलं होतं. आंब्याच्या कोयीएवढं असेल. त्यात केसासारख्या तारा, एकमेकींना ओलांडून ताणलेल्या.

“साठ तारा हायेत,” काका म्हणाले. “एकेका चाकाला साठ. मोज.”

“डोळ्यांचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले नाहीत, काका. कशाला हा त्रास?”

“म्हणून तर.” त्यांनी जाड भिंगाचा चष्मा कपाळावर चढवला. “तुला ठाऊक न्हाई व्हय? वसाहतीत काय बोलत्यात? म्हातारा आंधळा झाला. म्हाताऱ्याचं माप गेलं. दोघांनी कामं काढून नेली. तोंडावर कोण बोलत न्हाई, ‘काका, तुम्ही विश्रांती घ्या,’ म्हणत्यात. विश्रांती!” ते थुंकायला वळले आणि मी उभी आहे म्हणून थांबले. “तुझ्या शेठनं हे काम मला दिलं, त्याचे उपकार हायेत. ही गाडी सगळ्यांसमोर चाकावर उभी राहिली की मग बघू कोण विश्रांती सांगतंय.”

“आणि चेसी?”

“झाली. पुढच्या भोकापासनं मागच्या भोकापत्तूर दीड फूट. केसाचा फरक न्हाई. तुझा बा असता तर एक शिवी हासडली असती, मग चाक हातात घेतलं असतं.”

“दोन हासडल्या असत्या,” मी म्हणाले.

ते खूप हसले. मी चाक हातात घेऊन पाहिलं, परत टॉवेलवर ठेवलं आणि घरी आले. वाटेत मला बरं वाटत होतं. काकांची चेसी बिनचूक आहे, म्हणजे चूक कुणाची ते आपोआप उघडं पडेल, एवढाच विचार माझ्या मनात आला. मी सांगते आहे तितका सरळ तो आला.

भाद्रपदातल्या दहा दिवसांच्या दशलक्षण पर्वातला तिसरा दिवस. उत्तम आर्जव, म्हणजे सरळपणाचा. सकाळी बस्तीत पंडितजींनी त्यावर प्रवचन दिलं. मन, वाणी आणि काया एका रेषेत असावी वगैरे. मी पहिल्या ओळीत होते. संध्याकाळी जेवण उरकून मी माळ घेतली आणि मौन लागलं. थोड्या वेळानं दस्तगीरकाका गोणपाटात गुंडाळलेली चेसी घेऊन आले. मंडळाचे सेक्रेटरी रावसाहेब मगदूमही आले, आणि त्यांच्यासोबत समितीचे दोघे.

बॉडी टेबलावर होती. गर्द हिरवी. मी तिच्याबद्दल तेव्हा एक शब्द बोलले नाही, म्हणून आता लिहिते: ती सुंदर झाली होती. बॉनेटवर वारा जायच्या चाळीस चिरा होत्या, एकेक छिन्नीनं उठवलेली, एकसारखी. निमुळत्या शेपटीवर पत्र्याला कुठे ठोकल्याची खूण नव्हती. ज्या माणसाला नळ आवळता येत नव्हता त्यानं हे केलं होतं. त्याचा मला राग आला.

“घ्या, चढवा,” मगदूम म्हणाले.

शेठनी दोन्ही हातांनी बॉडी उचलली, पाळण्यातलं मूल उचलावं तशी, आणि चेसीवर ठेवली. पुढचा स्क्रू बसला.

“मागचा लावा,” शेठ मगदूमांना म्हणाले.

“लागंना.”

“दाबा जरा.”

“दाबून कसं बसंल शेठ? भोक बघा की कुठं आलंय,” मगदूम वाकून म्हणाले. “आस बी अडकतोय. चाक घासतंय बघा पत्र्याला.”

दस्तगीरकाका पुढे झाले. बॉडी उचलली, परत ठेवली. मागचा स्क्रू लावून पाहिला; मग पुढचा लागेना.

“पट्टी द्या ती,” शेठ म्हणाले.

त्यांनी वडिलांची पट्टी आधी स्वतःच्या बॉडीला लावली. “दीड फूट. बरोब्बर. या, बघा सगळे.” सगळ्यांनी पाहिलं. मग पट्टी चेसीला लावली. “आणि हे बघा.”

सगळे पुन्हा वाकले.

“दीड सूत कमी,” शेठ म्हणाले.

हे माझ्या चित्रात नव्हतं. चुकीच्या पट्टीनं चुकीची बॉडी बरोबर भरणार, आणि बरोबर चेसी कमी भरणार, हे पॅटर्नमेकरच्या मुलीला जवळजवळ दोन महिन्यांत सुचलं नव्हतं. माझ्या हातातली माळ थांबली.

“द्या हिकडं,” काका म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला, पट्टी घेतली आणि चेसीवर ठेवली. खूप वेळ वाकून पाहत राहिले. मग पट्टी उचलून डोळ्याजवळ नेली आणि टोकाला, जिथं अक्षरं झिजली होती तिथं, अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. मी त्या अंगठ्याकडे पाहत होते. मग त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी खाली पाहिलं. मणी सरकवला.

मौन होतं ना. नेम मोडला असता.

“काय काका?” मगदूमांनी विचारलं.

“पट्टी म्हणती तसं असंल,” काका म्हणाले.

शेठनी सुस्कारा सोडला. त्यात दुःख फार नव्हतं. “दस्तगीरभाई, वाईट वाटून घेऊ नका. पण हात गेला तुमचा. मी सगळ्यांशी भांडून तुम्हाला काम दिलं. समिती नको म्हणत होती. हो की नाही, रावसाहेब?”

मगदूम छताकडे बघत म्हणाले, “आता ते कशाला, शेठ.”

“कशाला कसं? सुवर्णमहोत्सव चार दिवसांवर आला. लोकांना काय दाखवू, दीड सूत?”

काकांनी गोणपाटाची घडी घातली, नीट, चारी टोकं जुळवून. ती काखेत मारली. “चाकं बरी हायेत,” एवढंच म्हणाले आणि चपला घालून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी जीभ मोकळी होती. दिवसभर मोकळी होती. त्याच दिवशी शेठनी चेसी दुसऱ्या शेडमध्ये नेली, मधोमध कापली, दीड सुताचा तुकडा घालून वेल्डिंग करून आणली. गाडी चाकांवर उभी राहिली. इतकं सोपं होतं. म्हणजे मी जपलेली ती घाम पुसायची वेळ शेठवर आलीच नाही. गाडी नकाशापेक्षा थोडी मोठी झाली आणि मापणारं तिथं कुणी नव्हतं.

सुवर्णमहोत्सवात मी मागच्या रांगेत बसले होते. शेठना शाल आणि नारळ मिळाला. भाषणात ते म्हणाले, “एका जुन्या हातानं ऐनवेळी धोका दिला, पण माझ्या वडिलांची पुण्याई.” लोक हसले. माझ्या शेजारची बाई म्हणाली, “भाग्यवान आहात हो वहिनी.” मी हात जोडले.

दस्तगीरकाकांच्या शेडवरून मी रोज जात होते. पहिल्या दिवशी दार अर्धं उघडं होतं. दुसऱ्या दिवशी एक माणूस हातगाडीवर काही भाग भरून परत नेत होता. पर्व संपायच्या आत लेथवर गोणपाट पडलं. काका दाराशी लाकडी स्टुलावर बसलेले असायचे. मी दिसले की त्यांची मान हलायची, हाक यायची नाही. मी पदर सावरून पुढे जायची. आठ दिवस मी दिवसभर बोलू शकत होते आणि आठ दिवस गप्प राहिले, त्या आठ दिवसांत दिवसा कुठलंही मौनव्रत नव्हतं. मला वाटायचं, सांगितलं तर शेठ म्हणतील की बायकोनं मत्सरानं केलं. खरं तर तेच खरं होतं.

मग क्षमावणी आली. त्या दिवशी आमच्यात घरोघर जाऊन, लहानथोर न पाहता, हात जोडून क्षमा मागतात. वर्षभरात मनानं, बोलण्यानं, करणीनं काही दुखावलं असेल तर उत्तम क्षमा. सकाळी दर्शन करून आले तर सोप्यात मंडळी बसलेली. मगदूम सपत्नीक होते, फौंड्रीतले दोघे होते. गाडी काचेच्या पेटीत ठेवली होती आणि शेठ दस्तगीरकाकांची गोष्ट सांगत होते.

“डोळे गेले की माणसानं ओळखावं,” ते म्हणत होते. “पण मान्य कोण करतो? वर मला म्हणतो, पट्टी म्हणते तसं असेल. म्हणजे जणू पट्टीच—”

मी फौंड्रीच्या ऑफिसातली नवी पट्टी ड्रॉवरमधून काढली. टेबलावरून वडिलांची घेतली. दोन्ही पट्ट्या मगदूमांच्या पुढ्यात, काचेच्या पेटीवर, एकीला एक लावून ठेवल्या.

“रावसाहेब, तुमची नजर चांगली आहे,” मी म्हणाले. “वाचा जरा.”

“काय वाचू वहिनी?”

“शून्य जुळलंय का?”

“जुळलंय.”

“आता फुटावर बघा.”

मगदूम वाकले. मग गुडघ्यावर बसले. फौंड्रीतला एकजण त्यांच्या खांद्यावरून डोकावला आणि त्याच्या तोंडून गेलं, “आयला, ही तर पॅटर्नची पट्टी.”

“म्हंजे?” मगदूमांच्या सौभाग्यवती.

“म्हंजे दस्तगीरकाकाची चेसी बरोबर हुती,” मगदूम सावकाश म्हणाले. “आणि आम्ही ती कापली.”

शेठचा चेहरा मी पाहिला. ज्यासाठी मी आषाढापासून थांबले होते तो चेहरा. आधी लाल झाला, मग पांढरा, खालचा ओठ एकदम म्हाताऱ्यासारखा सुटला. मला आनंद झाला. क्षमावणीच्या दिवशी, दर्शन करून आल्यावर, ओल्या केसांनी. खोटं कशाला लिहू?

मंडळी घाईघाईनं उठली. जाताना मगदूम म्हणाले, “मी जातो काकांकडं दुपारी. माझ्या शेडची दोन कामं हायेत, ती त्यांच्याकडंच देतो. सगळ्यांना सांगतो बी.” आणि मला हात जोडून, “वहिनी, उत्तम क्षमा.” त्यांच्या बायकोनं मला उत्तम क्षमा म्हटलं नाही.

दोघंच उरल्यावर शेठ म्हणाले, “मी तुला विचारलं होतं. पहिल्याच दिवशी. बरी आहे ना, म्हणून.”

“हो.”

“तू मान हलवली होतीस.”

“हो.”

मला वाटलं ते ओरडतील. ते काचेच्या पेटीकडे तोंड करून बसले आणि बसूनच राहिले. त्यांचा कीव यावी असा आकार झाला होता. मला कीव आली नाही. मी पदर घेतला आणि दस्तगीरकाकांकडे निघाले, मगदूमांच्या आधी पोचायचं म्हणून भरभर.

काका स्टुलावरच होते.

“काका, क्षमावणी आहे आज,” मी हात जोडले. “चूक तुमची नव्हती. ती पट्टी—”

“नेमअण्णाची हुती,” ते म्हणाले.

मी उभीच राहिले.

“अगं, तीस वर्सं त्या पट्टीनं माझं डोकं खाल्लंय. टोकाला त्याच्या अंगठ्याचा खड्डा हाय. डोळ्याला दिसला न्हाई, पर अंगठ्याला लागला. हातात घेतल्याबरोबर वळखली.”

“मग बोलला का नाही? सगळ्यांसमोर तुम्हाला—”

“तू बसली हुतीस न्हवं?” ते जरा हसले. “मी तुझ्याकडं बघितलं. पॅटर्नवाल्याची पोर, तुला ठाऊक नसंल का? ठाऊक असून खाली बघितलंस. म्हटलं, नवऱ्याची अब्रू झाकती पोर. चारचौघांत शेठचं हसं हुईल, मग घरी तुझे हाल. नेमअण्णाच्या पोरीचा संसार हाय. माझं काय, आठ-पंधरा दिवस बोलतील लोक. लोकांच्या तोंडाला काय कामं कमी हायेत?” त्यांनी लेथवरच्या गोणपाटाकडे पाहिलं. “जरा जास्तच बोलले. पर असू दे. तू आलीस, झालं.”

मी परत निघाले असते तर चाललं असतं. त्यांनी मला नेसायला जणू स्वच्छ लुगडं दिलं होतं, आणि मी फक्त ते अंगावर घ्यायचं होतं. त्यांचं नाव दुपारपर्यंत साफ होणारच होतं. पण सकाळी मी देवासमोर मन, वाणी, काया असं म्हणून आले होते.

“नाही काका,” मी म्हणाले. “मी अब्रू झाकत नव्हते. मला ती घालवायची होती.”

“काय?”

“आषाढापासून ठाऊक होतं मला. पहिल्या संध्याकाळपासून. त्यांनी अण्णांची पेटी पायानं सरकवली, आणि मी ठरवलं, चुकू दे. रोज बघत होते. चार लोकांत त्यांची फजिती व्हावी म्हणून गप्प बसले.”

काकांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे लहान आणि ओले दिसत होते.

“श्रावणात तू हितं आली हुतीस. चाक हातात घेतलंस.”

“हो.”

“तवा मी तुला सांगितलं हुतं, माझं काय काय ह्या गाडीवर हाय ते.”

“हो.”

“मग?”

“तुमच्याकडे माझं लक्षच नव्हतं, काका.”

समोरच्या शेडमध्ये कुणीतरी घण मारत होतं. मी हात जोडलेलेच होते, ते खाली कधी घ्यायचे ते मला कळेना.

“उत्तम क्षमा, काका.”

“माझ्याकडं कशाला मागतीस?” ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. “माझ्यावर तर तुझा राग बी नव्हता. मी मधी आलो, खडा आल्यागत. ज्याच्यावर राग हुता त्याच्याकडं जा. शेठकडं माग.”

“त्यांच्याकडे मागायची तर आधी मनातून राग जायला हवा,” मी म्हणाले. “नाहीतर ते नुसते शब्द होतील.”

“मग थांब तवर,” काका म्हणाले. उठले, लेथवरचं गोणपाट ओढून काढलं, आणि माझ्याकडे पाठ करून बटण दाबलं.

या गोष्टीला अठ्ठावीस वर्षं झाली. काका त्यानंतर नऊ वर्षं लेथवर उभे होते. दरवर्षी क्षमावणीला मी साऱ्या वसाहतीत हात जोडत फिरते, घरी आल्यावर शेठनाही उत्तम क्षमा म्हणते, आणि तेही तेच म्हणतात. नुसते शब्द. मी अजून थांबलेली आहे.